जपानमधील शरद पर्यटन : शहरांच्या यादीपेक्षा तारीख आणि उंची महत्त्वाची

मराठी वाचकाच्या मनात पानगळ शिशिराशी जोडलेली आहे. सह्याद्रीतील पानझडी वृक्ष माघ-फाल्गुनात रिकामे होतात. जपानमध्ये हाच बदल शरद ऋतूत घडतो आणि गळण्यापूर्वी तेथील पाने काही दिवस लाल, केशरी व पिवळी होतात. पानांच्या या रंगबदलाला जपानी भाषेत ‘कोयो’ म्हणतात, तर तो पाहण्यासाठी डोंगरदऱ्यांत आणि मंदिरांच्या उद्यानांत जाण्याच्या प्रथेला ‘मोमिजिगारी’ असे नाव आहे. मोमिजी म्हणजे मेपलची रंगलेली पाने आणि गारी म्हणजे शिकार. अकराव्या शतकाच्या प्रारंभी मुरासाकी शिकिबू यांनी लिहिलेल्या ‘गेंजी मोनोगातारी’ या ग्रंथातील एका प्रकरणाचे नावही शरदातील पानांच्या उत्सवावरून पडले आहे. प्रारंभी दरबारी असलेली ही हौस पुढे एदो काळात सामान्य नागरिकांपर्यंत पोहोचली.

जपानला २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटकांनी भेट दिली. त्यांत भारतीयांची संख्या सुमारे २ लाख ३३ हजार होती. मित्रमंडळींच्या गटाने शरदात जपानला जायचे ठरवले, की बहुधा टोकियो, क्योटो आणि ओसाका ही शहरे आधी निश्चित होतात आणि तारखा दिवाळीच्या सुटीनुसार घेतल्या जातात. नियोजनाची चूक नेमकी येथेच होते. दिवाळीच्या सुमारास या तिन्ही शहरांतील मेपल बहुतांशी हिरवेच असतात. सुटीची तारीख बदलता येत नसेल, तर त्या तारखेला रंग कोणत्या उंचीवर असतील हे पाहून ठिकाण निवडावे लागते.

रंगबदलाचे कारण

रात्रीचे किमान तापमान ८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरू लागले, की मेपलमध्ये रंगबदलाला सुरुवात होते. पानाच्या देठाशी एक पेशीस्तर तयार होऊन पान आणि फांदी यांच्यातील वहन थांबत जाते. हरितद्रव्याचे विघटन होते आणि पानात अडकलेल्या शर्करेपासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होते. गिंको वृक्षाच्या पानात पिवळे रंगद्रव्य आधीपासूनच असते. हिरवा रंग ओसरला, की ते दिसू लागते. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री थंडी आणि हवेत पुरेसा ओलावा असेल, तर रंग अधिक गडद होतात. वादळी पावसाने मात्र रंगलेली पाने एका रात्रीत झडू शकतात.

उत्तरेकडून दक्षिणेकडे, शिखराकडून पायथ्याकडे

ही प्रक्रिया तापमानावर अवलंबून असल्याने रंगांची लाट उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि उंचावरून सखल भागाकडे सरकते. होक्काइदो बेटावरील दाइसेत्सुझान पर्वतराजीत सप्टेंबरच्या मध्यास रंग दिसू लागतात. तेथील असाहीदाके हे शिखर २,२९१ मीटर उंच आहे. उत्तर होन्शूमध्ये तोवादा सरोवरातून निघणाऱ्या ओइरासे नदीच्या काठी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बहर असतो. मध्य जपानमधील कामिकोची हे खोरे सुमारे १,५०० मीटर उंचीवर असून तेथे ऑक्टोबरमध्ये रंग येतात. या खोऱ्यात खासगी वाहनांना प्रवेश नाही आणि १५ नोव्हेंबरनंतर ते हिवाळ्यासाठी बंद होते. टोकियो व क्योटो या सखल शहरांत रंगांचा बहर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो. टोकियोतील मेइजी जिंगू गाइएन येथील १४६ गिंको वृक्षांची सुप्रसिद्ध रांग याच सुमारास पिवळी होते.

उंचीचा परिणाम किती मोठा असतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे टोकियोच्या उत्तरेस रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेले निक्को. दर १०० मीटर उंचीमागे तापमान सुमारे ०.६ अंशांनी घटते. निक्कोचा वरचा डोंगराळ भाग ऑक्टोबरच्या पूर्वार्धात रंगतो. १,२६९ मीटर उंचीवरील चुझेंजी सरोवर आणि ९७ मीटर उंचीचा केगोन धबधबा यांच्या परिसरात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बहर येतो, तर सुमारे ६०० मीटर उंचीवरील तोशोगू मंदिराभोवतीची झाडे नोव्हेंबरच्या पूर्वार्धात लाल होतात. एकाच गावात हा हंगाम महिनाभर चालतो. सरोवराकडे जाणाऱ्या इरोहाझाका या घाटरस्त्याला ४८ वळणे आहेत आणि जुन्या जपानी वर्णमालेतील ४८ अक्षरांवरून त्याचे नाव पडले आहे. सुटीच्या दिवशी या घाटात वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात. त्यामुळे पहाटेच निघणे किंवा वरच मुक्काम करणे श्रेयस्कर ठरते.

दिवाळीच्या सुटीचा हिशेब

लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आले, तर २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. हे अठरा दिवसांचे अंतर चुझेंजी सरोवराचा हंगाम आणि तोशोगूचा हंगाम यांतील फरकाएवढे आहे. दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल, तर ओइरासे, कामिकोची आणि निक्कोचा वरचा भाग हे पर्याय योग्य ठरतात. दिवाळी नोव्हेंबरमध्ये असेल, तर तोशोगू परिसर आणि ओसाकाच्या दक्षिणेस सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले कोयासान यांचा विचार करावा. या दोन्ही वेळी क्योटो पाहता येते, परंतु लाल क्योटोची अपेक्षा ठेवू नये. ज्यांना तेच पाहायचे आहे, त्यांनी दिवाळीची सुटी सोडून नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडावा.

कोयासानची स्थापना कुकाई या आचार्यांनी इ.स. ८१६ मध्ये केली. त्यांनी प्रवर्तित केलेला शिंगोन हा मंत्रयान परंपरेतील पंथ असून त्यात बीजाक्षरे आजही सिद्धम् या भारतीय मूळच्या लिपीत लिहिली जातात. येथील सुमारे ५० मंदिरांत प्रवाशांना मुक्काम करता येतो. मोठ्या खोलीत जमिनीवर गाद्या घालून एकत्र झोपण्याची पद्धत असल्याने मित्रांच्या गटाला ही व्यवस्था सोयीची वाटते. सायंकाळचे व सकाळचे भोजन पूर्ण शाकाहारी असते आणि पहाटेच्या प्रार्थनेस उपस्थित राहता येते.

क्योटो आणि नारा

क्योटोतील तोफुकुजी मंदिरात दरीवरील लाकडी पुलावरून मेपलच्या राईचे दर्शन घडते. पुलावर छायाचित्रे घेण्यासाठी होणाऱ्या गर्दीमुळे अपघाताचा धोका निर्माण झाल्याने मंदिराने २०१६ पासून हंगामात तेथे छायाचित्रणास मनाई केली आहे. इ.स. ७७८ मध्ये स्थापन झालेले कियोमिझुदेरा आणि एइकांदो या मंदिरांत रात्री झाडांवर प्रकाशयोजना केली जाते. नोव्हेंबरअखेरीस क्योटोत सायंकाळी पावणेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणूनच दिवसा एका भागातील दोन-तीन मंदिरे आणि सायंकाळी एक प्रकाशयोजना, एवढाच कार्यक्रम सहा-आठ जणांच्या गटाला निभावतो. ३ आणि २३ नोव्हेंबर या राष्ट्रीय सुटीच्या दिवशी क्योटोत सर्वाधिक गर्दी असते.

या गर्दीचा ताण स्थानिक रहिवाशांवरही पडतो. गिओन भागातील खासगी गल्ल्यांत एप्रिल २०२४ पासून पर्यटकांना प्रवेशबंदी असून उल्लंघनासाठी १० हजार येन दंडाचे फलक लावण्यात आले आहेत. नागरिकांना बसमध्ये जागा मिळेनाशी झाल्याने केवळ शहर बससाठी असलेला एकदिवसीय पास बंद करण्यात आला. मार्च २०२६ पासून क्योटोतील निवास कर वाढवण्यात आला असून सर्वांत महागड्या निवासासाठी तो प्रतिव्यक्ती प्रतिरात्र १० हजार येन आहे. मोठ्या गटाने बसऐवजी भुयारी रेल्वेचा वापर करणे आणि अरुंद गल्ल्यांत हलक्या आवाजात बोलणे, हे तेथे सौजन्याचे मानले जाते.

क्योटोहून तासाभराच्या अंतरावर नारा आहे. तेथील तोदाइजी मंदिरातील सुमारे १५ मीटर उंचीच्या बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन सोहळा इ.स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला होता. मंदिरालगतच्या उद्यानात हरणे मोकळी फिरतात आणि शरदात त्यांच्याभोवती लाल पानांचा सडा पडलेला असतो.

उशिरा येणारा शरद

जपानचे हवामान खाते १९५३ पासून मेपल रंगण्याच्या तारखांची पद्धतशीर नोंद ठेवत आहे. या नोंदींनुसार दर दहा वर्षांमागे ही तारीख सरासरी सुमारे तीन दिवसांनी पुढे गेली आहे. सात दशकांत जवळजवळ तीन आठवडे, असा त्याचा अर्थ होतो. खात्याने २०२१ मध्ये निसर्गनोंदींची संख्या मोठ्या प्रमाणात घटवली. तथापि चालू ठेवलेल्या सहा वनस्पतींमध्ये मेपल आणि गिंको यांचा समावेश आहे. पर्यटकाच्या दृष्टीने याचा निष्कर्ष असा, की जुन्या प्रवासवर्णनांतील तारखांवर विसंबून राहू नये. सप्टेंबरपासून प्रसिद्ध होणारे रंगांचे अंदाज पाहावेत आणि शक्य असेल तेथे बदलता येईल असेच आरक्षण करावे.

प्रवास आणि आहार

भारतीय पर्यटकांना व्हिसा आवश्यक असून भारतात राहणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक व्हिसाची सोय आहे. परदेशी पर्यटकांसाठीच्या सात दिवसांच्या रेल्वे पासचे मूल्य ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५० हजार येन झाले. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचे एका बाजूचे भाडे सुमारे १४ हजार येन असल्याने केवळ या दोन शहरांपुरता प्रवास असेल, तर सुटी तिकिटे स्वस्त पडतात. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरहून अधिक असलेल्या सामानासाठी या मार्गावर विशेष आसन आरक्षित करावे लागते. जड बॅगा एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवणारी कुरियर सेवा देशभर उपलब्ध असून सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते.

शाकाहारी प्रवाशांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भाज्यांच्या पदार्थांत आणि सूपमध्येही वाळवलेल्या माशांपासून केलेला ‘दाशी’ हा अर्क सर्रास असतो. त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरेसे नसते. मासे व दाशीचाही स्पष्ट उल्लेख करावा लागतो. मंदिरांतील ‘शोजिन र्‍योरी’ ही पारंपरिक शाकाहारी भोजनपद्धती हा विश्वासार्ह पर्याय आहे. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती असून तेथे भारतीय उपाहारगृहे व किराणा दुकाने आहेत. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले होते.

डोंगराळ भागात शरदात अस्वलांचा वावर वाढतो. हिवाळी निद्रेपूर्वी ती अन्नाच्या शोधात भटकत असल्याने स्थानिक सूचनाफलक पाळावेत आणि पायवाटेवर गटाने एकत्र चालावे. सकाळ-सायंकाळच्या थंडीसाठी उबदार कपडे आवश्यक आहेत.

गटातील सर्वांच्या सुट्या जुळल्या, की आधी त्या तारखा कागदावर लिहाव्यात, मग त्या दिवसांत रंग किती उंचीवर असतील ते पाहावे आणि शहरे अखेरीस निवडावीत. शेवटच्या दोन दिवसांचा कार्यक्रम मोकळा ठेवल्यास रंग ज्या दिशेला सरकले असतील, तिकडे जाता येते.