सूर्य, अक्षांश आणि ड जीवनसत्त्व

मुडदूस, म्हणजे मुलांची हाडे मऊ राहून पाय वाकण्याचा विकार, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये इतका परिचित झाला होता की फ्रान्सिस ग्लिसन यांनी १६५० साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला; पुढे कोळशाच्या धुराने झाकोळलेल्या औद्योगिक शहरांत त्याने अधिकच जोर धरला. जपानमध्ये राहून आलेले मिशनरी डॉक्टर थिओबाल्ड पाम यांनी १८९० साली या विकाराचा भौगोलिक प्रसार तपासून सूर्यप्रकाशाचा अभाव हेच त्याचे मूळ असल्याचे मांडले, आणि १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने आजारी मुले बरी करून या विचाराला प्रायोगिक आधार दिला.

या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्याच अभावी मुडदूस होतो. परंतु हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य क्षितिजालगत राहिल्याने किरणांना ओझोनच्या थरातून लांबचा तिरपा मार्ग कापावा लागतो आणि त्यांतील उपयुक्त भाग वाटेतच शोषला जातो. म्हणूनच १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४२ अंश उत्तर अक्षांशावरील बोस्टन येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्यप्रकाशाने ही निर्मिती घडली नाही, तर त्याहून उत्तरेकडील एडमंटन येथे हा काळ ऑक्टोबर ते मार्च असा लांबला. निरोगी प्रौढही यास अपवाद नाहीत: ब्रिटनमध्ये त्यांच्या रक्तातील पातळी उन्हाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक असते व हिवाळा सरताना तळ गाठते, आणि त्यामुळेच २०१६ पासून तेथे प्रौढांनाही शरद व हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम पूरक मात्रा घेण्याचा विचार करावा, असे सुचवले जाते.