हौदापासून दहा पावलं

पुण्यात पत्ता सांगताना लोक अजूनही म्हणतात, ‘फडके हौदाजवळ या’, ‘बदामी हौदाच्या चौकात थांबा’, ‘पंचहौदला उतरा’. तिथे पोचल्यावर दिसतात मोबाइलची दुकानं, दाटीवाटीनं लावलेल्या दुचाक्या आणि एखादं अमृततुल्य. बहुतेक हौद गेले, नावं तेवढी राहिली. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मी या नावांच्या मागे चालत गेले.

मी शाळेत इतिहास शिकवते. पेपर तपासून झाले, निकाल लागला की मे महिना आमचा. रोज सकाळी साडेसहाला घराबाहेर पडायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं, एवढाच माझा बेत होता. शनिवार-रविवारी नवरा, लेक आणि सासूबाईही बरोबर यायच्या. लेकीला भेळ मिळाली की तिची कुठल्याही इतिहासाबद्दल तक्रार नसते.

पहिल्या शनिवारी आम्ही कात्रजला गेलो. लेक प्राणिसंग्रहालयातला वाघ बघायला, मी तलाव बघायला. पुण्याच्या पाण्याची गोष्ट या तलावापासून सुरू होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, इथे पाणी अडवलं गेलं आणि जमिनीखालून दगडी बांधकामाचा नळ काढून ते थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं गेलं. नळ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तसला पाइप नव्हे, माणूस आत शिरू शकेल एवढा बोगदाच. पंप नाही, मोटार नाही. कात्रज उंचावर, शहर खाली. बाकी सगळं काम उताराचं. वाटेत ठरावीक अंतरावर जमिनीच्या वर डोकं काढणारे उच्छ्वास बांधले होते, म्हणजे हवाही खेळती राहायची आणि आत उतरून गाळही काढता यायचा. शहरात आल्यावर हे पाणी लहान नळांनी पेठापेठांतल्या हौदांत आणि सरदारांच्या वाड्यांत जायचं.

याचं कौतुक वाटायलाच हवं. मलाही वाटतं. समाजमाध्यमांवर या नळाचे व्हिडिओ फिरतात आणि त्याखाली ‘आपले पूर्वज किती पुढे होते’ अशा प्रतिक्रियांची रांग लागते. पण चार-पाच सकाळी चालल्यावर मला दुसराच प्रश्न पडायला लागला. पाणी हौदापर्यंत आलं, हे झालं. हौदाच्या काठापर्यंत कोण येऊ शकत होतं?

पुढच्या रविवारी शुक्रवार पेठेत उसाचा रस पिताना त्याचं एक उत्तर मिळालं. सासूबाईंचं माहेर तिथलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. पूर त्यांच्या वाड्यापर्यंत आला नाही, पण नळ कोरडे पडले. “मग वाड्यातल्या जुन्या हौदावर सगळी गल्ली पाण्याला यायची,” त्या सांगत होत्या.

“सगळे म्हणजे सगळे?” लेकीनं विचारलं.

“त्या दिवसांत कोण कोणाला विचारतंय!”

मग जरा वेळानं, पेला खाली ठेवत त्या म्हणाल्या, “एरवी मात्र बोळ झाडायला यायची ती बाई दाराशीच थांबायची. तिच्या कळशीत आम्ही वरून पाणी ओतायचो. ते काम मला आवडायचं.”

“का गं आजी?”

“मोठं झाल्यासारखं वाटायचं.”

कोणी काही बोललं नाही. मी मनात हिशोब केला. अस्पृश्यता नष्ट करणारं संविधानाचं सतरावं कलम तेव्हा अकरा वर्षांचं होतं. माझ्या सासूबाईंपेक्षा जेमतेम एका वर्षानं लहान.

त्यानंतर माझ्या चालण्याची दिशा बदलली. शनिवारवाड्याकडून पूर्वेकडच्या पेठांत शिरलं की अर्ध्या-पाऊण तासात महात्मा फुले पेठ येते. पूर्वीची ही गंज पेठ. इथे जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांचं घर आहे. आज ते स्मारक आहे. १८६८मध्ये या दोघांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाठ्यपुस्तकात हे एक वाक्य असतं. परीक्षेत त्याला एक गुण असतो. मीही वर्गात ते अर्ध्या मिनिटात सांगून पुढे जाते, कारण पुढे सत्यशोधक समाज असतो, १८७३ असतं आणि तास संपत आलेला असतो.

पण कात्रजपासून चालत आलं की त्या वाक्याचं वजन बदलतं. कात्रजहून पाणी काही मैलांचं अंतर कापून पुण्यात आलं १७५०च्या सुमारास. हौदाच्या कडेपासून दहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसाला त्यात आपल्या हातानं कळशी बुडवता यावी, म्हणून एका घरानं दार उघडलं ते १८६८मध्ये. मधे एकशे अठरा वर्षं. मैलांचं काम उतारानं केलं. दहा पावलांना उतार नव्हता. आणि जोतिरावांना बांधकाम कळत नव्हतं असंही नाही. ते स्वतः बांधकामाचे ठेके घेत, पुढे पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले, ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पाणी अडवण्याबद्दल लिहिलं. पाणी कसं आणायचं हे त्यांना ठाऊक होतं. ते कुठे अडतं, हेही.

तिथून पंचहौद फार लांब नाही. गुरुवार पेठेतल्या या मिशनमध्ये १८९०च्या ऑक्टोबरात पुण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा आला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. पुढे नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ‘ख्रिस्त्यांच्या घरचा चहा’ यावरून ग्रामण्य सुरू झालं. प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. हा किस्सा आज आपण हसत सांगतो. पण जरा बघा, कुणाच्या हातचं पाणी प्यालो याचा जाब शहरातल्या सर्वांत शिकलेल्या माणसांनाही द्यावा लागत होता. आणि ज्यांनी बावीस वर्षं आधी आपला हौद खुला केला, ते जोतिराव त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला गेले.

एका घराच्या हौदानं शहराचे हौद खुले झाले नाहीत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात बोले यांनी १९२३मध्ये मंजूर करून घेतला. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर चालत जावं लागलं. तिथलं पाणी सर्वांचं आहे, यावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. महाडलाही अंतर फार नव्हतंच. सभेच्या जागेपासून तळ्यापर्यंत चालत जायचं, एवढंच.

आता जूनमध्ये शाळा सुरू होईल. आमच्या वर्गात सोसायटीत राहणारी मुलं आहेत आणि टँकर आला की शाळेला उशीर होणारी मुलंही आहेत. नववीला पहिल्या आठवड्यात मी एक गृहपाठ देणार आहे: घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारून या. तुमच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? आणि ते भरताना लांब कोण उभं राहायचं?

तुम्हीही विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर मिळेल, हौदाच्या नावासकट. दुसऱ्याचं उत्तर ज्यांना माहीत आहे ती माणसं आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत, आणि त्यातली काही आपल्याच घरात, खिडकीशी बसून पेपर वाचत आहेत.