गाईची तीन घराणी

निजामाच्या अमदानीत ज्या गावास सरकारी दप्तरात मोमिनाबाद म्हणत आणि ज्यास आसपासची रयत, दप्तराची पर्वा न करता, पिढ्यान्‌पिढ्या जोगाईचे आंबे म्हणत आली, त्या अंबाजोगाईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक चमत्कारिक भाषिक योग जुळून आला होता. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची तेथे छावणी होती आणि तिचे वरिष्ठ अंमलदार इंग्रज होते. कचेरीतले मुनशी आधी फारसीत आणि पुढे उर्दूत लिहीत. आणि बालाघाटच्या पठारावर गुरे वळणारा गुराखी मराठी बोलत होता. एकच जनावर पुढ्यात उभे असता इंग्रजाने त्यास ‘काऊ’ म्हणावे, मुनशीने ‘गाव’ म्हणावे आणि गुराख्याने ‘गाय’ म्हणावे, असा तो प्रकार होता. आपण तिघेही एकाच अतिप्राचीन शब्दाचा उच्चार आपापल्या वळणाने करीत आहोत, ही जाणीव मात्र त्या छावणीत क्वचितच कोणास असेल. उलट, मुनशीच्या तोंडचा ‘गाव’ ऐकून आपल्या वस्तीचे नाव निघाले असे वाटावे, इतका तो शब्द मराठी कानास फसवा होता.

या शब्दाचे कूळ पाहू गेल्यास ते भारत, इराण आणि युरोप यांच्या भाषा एकमेकींपासून विभक्त होण्यापूर्वीच्या काळात जाते. संस्कृतातील ‘गो’, फारसीतील ‘गाव’ आणि इंग्रजीतील ‘काऊ’ ही त्या एका मुळाची अपत्ये होत. जर्मन कुळातील भाषांत मूळच्या ‘ग’चा ‘क’ झाला, एवढाच काय तो फरक. प्राचीन इंग्रजीत एकवचनी ‘कू’ आणि अनेकवचनी स्वर पालटून होणारे रूप असे; पुढे मध्ययुगीन इंग्रजीत त्या अनेकवचनालाही आणखी एक अनेकवचनी प्रत्यय जोडला जाऊन ‘कीन’ हे रूप रूढ झाले, आणि तेच उत्तरकालीन धर्मग्रंथांतून व काव्यांतून ‘काइन’ या उच्चाराने टिकून राहिले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या कथाकाव्यात एका दरिद्री विधवेचा संसार वर्णिला आहे. तिच्या पदरी तीन डुकरिणी, तीन गाई आणि एक मेंढी होती. राजाच्या दरबारातून नव्हे, तर अशा विधवेच्या परसातूनच हा शब्द शतकानुशतके अखंड चालत आला.

आपल्याकडे या शब्दाची चिकित्सा फारच लवकर झाली. पतंजलीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात महाभाष्य रचिले, तेव्हा शब्द म्हणजे काय, या प्रश्नाचा ऊहापोह करण्यास त्याने उदाहरण घेतले ते गाईचेच. शुद्ध शब्द एक आणि त्याचे अपभ्रंश अनेक, हे दाखविताना त्याने लोकांच्या तोंडी असलेली गावी, गोणी, गोता व गोपोतलिका अशी चार रूपे नोंदवून ठेविली. त्या व्याकरणकाराच्या दृष्टीने ती चारही रूपे असाधू होती. परंतु काळाचा न्याय असा विलक्षण, की आज मराठी माणूस ज्या शब्दाने गाईस हाक मारतो तो शुद्ध ‘गौः’पासून सरळ उतरलेला नसून प्राकृताच्या ‘गावी’ व ‘गाई’ या रूपांशी नाते सांगतो. पंडितांनी ज्यास बहिष्कृत केले त्याच शाखेने वंश चालविला.

आणि तो वंशविस्तारही सामान्य नव्हे. गाई जेथे उभ्या राहतात ते ‘गोष्ठ’. त्याचा मराठीत गोठा झाला. गुरे उन्हाच्या वेळी ज्या जागी बसतात त्या गोठणाचेही तेच कूळ. गोष्ठात चार माणसे जमून बोलू लागली म्हणून ‘गोष्ठी’ म्हणजे सभा किंवा संभाषण, आणि त्या गोष्ठीची झाली गोष्ट; तेव्हा आजी नातवंडांना जी सांगते तिचा उगम शेवटी गाईच्या दावणीपाशीच सापडतो. ‘गोरूप’ या संस्कृत शब्दापासून गोरू आणि गुरे आली, ‘गोपाला’चा गोवळ झाला, सायंकाळी घरी परतणाऱ्या गाईंच्या खुरांची धूळ उडते त्या घटकेस गोरज म्हणून विवाहाच्या मुहूर्तात मान मिळाला, आणि गाईच्या अंगावरचे रक्त पिणारा गोचीडसुद्धा या कुळातून वगळला गेला नाही.

येथवर इंग्रजी आणि मराठी यांचा प्रवास समांतर वाटतो. परंतु मध्ययुगात दोन्हीकडे परकीय राजभाषा आल्या, आणि तेव्हापासून गाईच्या शब्दांत दर्जाची उतरंड उभी राहिली. इंग्लंडात १०६६ साली नॉर्मन सत्ता स्थापन झाली. गोठ्यात उभे राहणारे जनावर ‘ऑक्स’ म्हणजे बैलच राहिले, ते शिजून सरदारांच्या ताटात आले म्हणजे मात्र त्यास फ्रेंच वळणाचे ‘बीफ’ हे नाव प्राप्त झाले, असा विचार वॉल्टर स्कॉटने १८१९ सालच्या ‘आयव्हॅनहो’ या कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडी घातला आहे. तो विचार चटकदार खरा, पण संपूर्ण खरा नव्हे. कारण मध्ययुगीन इंग्रजीत तो फ्रेंच शब्द जिवंत बैलासही लावीत. अधिक अर्थपूर्ण उदाहरण आहे ते द्रव्याचे. प्राचीन इंग्रजीत गुरांस आणि संपत्तीस ‘फेओह’ हा एकच शब्द होता. नॉर्मनांच्या अमलानंतर ‘कॅटल’ हा शब्द फ्रेंचमधून आला, तोही मूळच्या लॅटिनमधील भांडवलवाचक शब्दापासून, आणि प्रथम त्याचा अर्थ सर्व जंगम मालमत्ता असाच होता. म्हणजे एका भाषेने गुरावरून धन ओळखले आणि दुसरीने धनावरून गुरे. मालक मोजतो तो ‘कॅटल’, आणि जी राखणदार सांभाळते ती ‘काऊ’, हा भेद तेथे कायमचा राहिला.

अंबाजोगाईच्या इतिहासात हाच भेद तीन थरांत दिसतो. पहिला थर संस्कृताचा, दानपत्रांचा आणि शिळांचा. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याची सत्ता या प्रदेशात होती; शके ११५० आणि शके ११६२ या सालांचे संस्कृत शिलालेख अंबाजोगाईस सापडले आहेत, त्यांतून त्याच्या पराक्रमाची, त्याने दिलेल्या अग्रहारांची आणि त्याची कन्या लक्ष्मी हिने युद्धात पडलेल्या भावाच्या स्मरणार्थ बांधविलेल्या देवालयाची माहिती मिळते. त्या काळी जमीन दान दिली म्हणजे महाराष्ट्रात व दख्खनमध्ये ठिकठिकाणी शिळेवर वर सूर्य-चंद्र आणि खाली वासराला पाजणारी गाय कोरीत: दान आचंद्रार्क चालावे आणि गाय वासरास पोसते तशी ही भूमी दान घेणाऱ्यास पोसो, असा त्याचा भाव असे. यादवांचा करणाधिप हेमाद्रि याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या दानखंडात तर गाईच्या दानाचे शास्त्रच संकलित केले. त्यात खऱ्या गाईबरोबरच गुळाची, तुपाची, तिळाची आणि पाण्याच्या घटाचीही धेनू कल्पून ती दान करण्याचे विधी आहेत. आणि ज्यास यांपैकी काहीच शक्य नाही त्याने गाईच्या मोलाचे द्रव्य द्यावे, ही निष्क्रयाची सोयही धर्मशास्त्रात रूढ आहे. या थरातील शब्द ‘धेनू’ आहे, ‘गाय’ नव्हे. आणि हेही लक्षात घ्यावे, की गुळाच्या धेनूस चारा लागत नाही.

दुसरा थर फारसीचा. बहमनी राजवटीपासून निजामशाहीपर्यंत आणि पुढे आसफजाही अमलात हे गाव ज्या दप्तरांच्या कक्षेत राहिले त्या दप्तरांस गाय पूज्य आहे की नाही याच्याशी कर्तव्य नव्हते. ती एक रकम होती. आज बालाघाटावरचा शेतकरी दावणीला चार जनावरे आहेत असे सहजी म्हणतो, तेव्हा तो ‘जनावर’ हा फारसी शब्दच उच्चारीत असतो. शिंगे असलेल्या जनावरांवरील शिंगशिंगोटी, रानात चारण्याबद्दलची वनचराई, या बाबी मराठी अमदानीच्या जमाखर्चात येतात. परंतु याच दप्तरांनी गाईचा आणखी एक उपयोग केला, तो शपथेचा. सनदा, महजर व कौलनामे यांच्या अखेरीस, हा लेख जो हिंदू होऊन मोडील त्यास गाईची आण आणि जो मुसलमान होऊन मोडील त्यास डुकराची आण, अशा अर्थाची वाक्ये लिहिण्याचा परिपाठ होता. राजसत्तेच्या शिक्क्यापेक्षा गाईची आण अधिक काळ टिकेल, असा हिशेब त्या कारकुनांनी केला असला पाहिजे. आणि तो हिशेब करणारे दोन्ही धर्मांचे होते.

तिसरा थर देशी, आणि तो सर्वांत खोल. याच अंबानगरीशी परंपरेने ज्याचे नाव जोडलेले आहे आणि ज्याची समाधी येथे दाखवितात, त्या मुकुंदराजाने ‘विवेकसिंधु’ मराठीत रचिला. त्या ग्रंथाचा काळ शके १११० असा सांगतात. पुढे सोळाव्या शतकात येथेच दासोपंतांनी गीतेवर ‘गीतार्णव’ हा प्रचंड ग्रंथ आणि पासोडीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले तेही मराठीतच. संस्कृत हाताशी असता या दोघांनी गुराख्याच्या भाषेत ब्रह्मविद्या सांगितली, म्हणून ती भाषा ग्रंथांस पात्र ठरली. मात्र त्या भाषेची खरी टांकसाळ मठात नसून बाजारात होती. आजही बीडजवळच्या नेकनूरच्या, किंवा उदगीरकडच्या हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात उभे राहिले, तर ती कानी पडते. तेथे नुसते ‘गाय’ म्हणून कोणाचे भागत नाही. कालवड निराळी, गाभण निराळी, दुभती निराळी आणि भाकड निराळी. नराचा गोऱ्हा, मग खोंड, मग नांगराचा बैल किंवा राखलेला वळू. घेणारा पुढे होतो, डाव्या हाताने वेसण धरतो, अंगठ्याने जनावराचा खालचा ओठ दाबतो आणि दात पाहतो. दुधाचेच दात असले तर आदत, दोन पक्के आले तर दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि सर्व दात भरले की जनावर जुळले. नंतर पाठीवरून हात फिरवून, गाईची कास चाचपून, कितव्या वेताची हे विचारतो. आणि भाव ठरण्याची वेळ आली की दोघांचे हात एका रुमालाखाली जातात, बोटे दाबली जातात, आणि जमलेल्यांस आकडा कळत नाही.

त्या बाजारात जातीही नावांनीच ओळखतात. तांबड्या गर्द रंगाची लाल कंधारी आणि पांढऱ्यावर काळे अशी देवणी, हे या भागाचे दोन नामांकित गोवंश. देवणीत पुन्हा तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, पोटाखाली काळे ठिपके असलेला बालंक्या, आणि पांढऱ्या अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके पसरलेला शेवरा. या नावांत ‘गो’ कोठेच नाही. गाय समोर उभी असता तिला गाय म्हणण्याची गरज उरत नाही.

या तिन्ही थरांस एकत्र बांधणारा आणि आजही कोर्टकचेरीत जिवंत असलेला शब्द एकच आहे, तो म्हणजे गायरान. त्यातील ‘गाय’ प्राकृताची, ‘रान’ही देशी, पण त्याची नोंद मात्र दप्तराची. प्रत्येक गावच्या शिवारात काही जमीन नांगराखाली न आणता गुरांस मोकळी सोडावी, हा जुना रिवाज महसुली कायद्याने आपलासा केला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यास विनामूल्य चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. मराठवाड्यात मात्र या शब्दाभोवती दुसराच इतिहास घडला. ज्यांच्याकडे गावची कामे होती, पण स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती, अशा दलित आणि इतर भूमिहीन कुटुंबांनी ही पडीक राने फोडून त्यांत ज्वारी-बाजरी पेरिली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांनी गायरान कसणाऱ्यांची चळवळ उभी केली. आणि शासनानेही १९९१ च्या निर्णयान्वये जुन्या अतिक्रमणांपैकी काही नियमित करण्याचे धोरण स्वीकारिले. उलटपक्षी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याविषयी राज्यांस आदेश दिले, तेव्हापासून हा वाद अधिकच तीव्र झाला आहे.

या वादात अनेकदा असे भासविले जाते, की एका बाजूस गाय आहे आणि दुसऱ्या बाजूस माणूस. शब्दाचा इतिहास ही मांडणी मान्य करीत नाही. धेनू दान देणाऱ्याची होती, जनावर सरकारचे होते. गाय मात्र नेहमी तिचीच राहिली जी तिला दावणीस बांधून तिच्यासाठी चारा आणते, आणि बालाघाटावर ती माणसे बहुधा तीच असतात जी त्या रानात चार पायली ज्वारीही पेरतात. गायरानाचा निवाडा करणाऱ्यांनी प्रथम हे पाहावे, की त्या गावात गुरे किती उरली, ती कोणाच्या दावणीस आहेत आणि ते रान आज प्रत्यक्षात कोण कसतो. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव असते. पण ते रान मुळात राखले गेले ते गावाने, गावासाठी.