मालवणात जुनं घर आणि मोठी जागा घेताय? आधी जोतं बघा, मग गुंठे

‘20 गुंठे जागा, जुनं कौलारू घर, बारमाही विहीर, 30 माड, समुद्र पाच मिनिटांवर.’ मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा या पट्ट्यातल्या अशा जाहिराती आणि रील्स मोबाईलवर सतत फिरत असतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: घर जुनं आहे, किंमत फक्त जागेची.

गोम याच वाक्यात आहे. समुद्रालगतच्या बऱ्याच जागांवर नवं घर बांधायला परवानगीच मिळत नाही. तिथे जे काही करता येतं, ते आधीपासून उभ्या असलेल्या आणि अधिकृत नोंद असलेल्या घराच्या जोत्यावर. म्हणजे फुकटात मिळतंय असं सांगितलं जाणारं दोन खोल्यांचं घरच कधीकधी सगळ्या व्यवहाराचा गाभा असतं. आणि 20 गुंठ्यांतले विकणाऱ्याचे नक्की किती, हा प्रश्न उरतोच.

भरतीरेषेपासून किती लांब?

किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. पहिली अधिसूचना 1991 ची, त्यानंतर 2011 ची आणि 2019 ची. ग्रामीण किनारा यात ‘सीआरझेड 3’ मध्ये येतो. 2019 च्या अधिसूचनेनुसार, 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 50 मीटर, आणि त्याहून विरळ वस्तीच्या भागात 200 मीटर पट्टा ‘ना विकास क्षेत्र’ असतो. खाडीकाठी ही मर्यादा 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते. कर्ली नदीच्या किंवा कालावलच्या खाडीवरची जागा बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, कारण ‘समुद्र तर लांब आहे’ एवढ्यावर तिथे निभावत नाही.

या पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र पूर्वी होतं तेवढंच ठेवून. जोतं 600 चौरस फुटांचं असेल तर भोवती अर्धा एकर मोकळा असला तरी नवं घर 600 चौरस फुटांच्या जोत्यावरच. मागे नंतर वाढवलेली पत्र्याची पडवी नोंदीत नसेल तर ती या हिशेबात धरू नये. ‘घेऊन ठेवा, पुढे रिसॉर्ट काढा’ हा सल्ला इथेच कोसळतो. स्थानिकांना राहत्या घरात होम स्टे चालवण्याची मुभा या अधिसूचनेत आहे, पण तीही जोतं आणि घराचं बाह्यरूप न बदलता.

अंतर पावलांनी किंवा मोबाईलच्या नकाशावर मोजून उपयोग नाही. मोजायचं असतं ते भरतीरेषेपासून, लाटेच्या कडेपासून नव्हे. ही रेषा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर आखलेली असते. त्या नकाशावर आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो, हे लेखी मिळवायला हवं.

देवबागसारख्या ठिकाणी कागदाआधी जमिनीचाच विचार करावा लागतो. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. समुद्राचं अतिक्रमण हा इथला जुना प्रश्न आहे, बंधारे त्यासाठीच घातले गेले. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या दोन घरांत विचारलं तर दलालापेक्षा खरं उत्तर मिळतं.

जमीन एकाची, घर दुसऱ्याचं

सातबारा जमिनीचा असतो. गावातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावर असते. मालवण शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक बघावं लागतं. कोकणात सातबारावरचं नाव आणि घरपट्टीवरचं नाव वेगळं निघणं अजिबात नवीन नाही. एखाद्याने दोन पिढ्यांपूर्वी नातेवाइकाच्या किंवा जमीनदाराच्या जागेत घर बांधलेलं असतं. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, पण त्या घरात कुणाचा तरी हक्क अडकलेला असू शकतो हे मात्र सांगते.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते सामाईक नावांवर. आजोबांच्या नावाखाली काका, आत्या, चुलतभाऊ अशी पंधरा-वीस नावं, त्यातले निम्मे चाकरमानी, काही हयात नाहीत, काहींच्या वारसांची नोंदच झालेली नाही. मुलींची नावं तर कित्येकदा लावलेलीच नसतात. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याबद्दलची संदिग्धता दूर केली. त्यामुळे ‘बहिणींचा काही प्रश्न नाही, त्या सही करतील’ हे ऐकून पैसे देऊ नयेत. सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हातात हवं.

‘सध्या एका भावाचा हिस्सा घ्या, बाकीचं नंतर बघू’ हा प्रस्ताव स्वस्त वाटतो, पण राहत्या घराच्या बाबतीत तो फार धोक्याचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 44 नुसार, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तर त्याला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही. वाटपाचा दावा लावला, तर 1893 च्या वाटप कायद्यातल्या कलम 4 मुळे घरचा हिस्सेदार तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत घेऊ शकतो. थोडक्यात, पैसे देऊनही खळ्यातच उभं राहायची वेळ येते.

सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली प्रत्येक ओळ वकिलाकडून समजून घ्यावी. कुळाचं नाव, कूळकायदा कलम 43 ची अट, भोगवटादार वर्ग 2, देवस्थान, आकारीपड, खासगी वन, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा: यातला एकही शेरा असेल तर परवानगी, नजराणा किंवा थेट नकार यांपैकी काहीतरी पुढे उभं असतं. जमीन शेतीची असेल तर घेणारा कायद्याच्या व्याख्येत शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जमिनीवर घर उभं आहे म्हणून ती आपोआप बिनशेती होत नाही. मोठ्या जागेतले चार-पाच गुंठेच विकत देतो म्हणणाऱ्याकडे तुकडेबंदीचा विषय आधी काढावा.

गडगा म्हणजे हद्द नव्हे

चिऱ्यांचा गडगा वर्षानुवर्षं तिथेच आहे म्हणून तीच हद्द, असं शेजारीही धरून चालतात. खरी हद्द भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीतच कळते. मोजणीच्या वेळी सगळे लगतधारक हजर असले तर भांडणं खरेदीआधीच बाहेर येतात, आणि तेच बरं.

वाट हा तर स्वतंत्र विषय. मागच्या वाडीतली माणसं खळ्याच्या कडेने ये-जा करत असतील आणि हे 20 वर्षं बिनहरकत चालू असेल, तर सुविधाधिकार कायद्यानुसार त्यांना वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. कुंपण घालून तो संपत नाही. उलट बाजूही तपासावी: मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत गाडी जाते ती कुणाच्या जमिनीतून? विहिरीत कुणाचा हिस्सा आहे? माड-आंबे मक्त्याने दिलेत का? परसात राखणदाराचं स्थान असेल आणि वाडीतले लोक वर्षातून एकदा तिथे नारळ ठेवत असतील, तर कागदावर ते नसलं तरी त्यांचं येणं चालूच राहणार. हे ज्याला चालणार नाही त्याने ती जागा घेऊच नये.

घर स्वतः किती धड आहे

जिल्ह्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून घर दोनदा बघावं. जुलैत छप्पर, भिंतींची ओल आणि अंगणात तुंबणारं पाणी कळतं, मेमध्ये विहीर कळते. रस्ता वर्षानुवर्षं डांबराचे थर चढून उंच झाला असेल तर पाणी थेट जोत्याशी येतं. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं का, हे चव घेऊन आणि तपासून बघावं. ‘बारमाही’ शब्दात गोडेपणाची हमी नसते.

जांभ्याच्या भिंती टिकाऊ असतात, पण चिरे मातीत बसवलेत की चुन्यात हे बघावं. मातीच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर ओल आतच अडकते. छपराकडे लांबून बघावं: आढं मध्ये वाकलंय का? वाशांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचावी, वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. फुटलेली कौलं हा सोपा खर्च आहे, आढं आणि वासे बदलणं नाही. गंमत म्हणजे जुन्या लाकडी छपरापेक्षा नंतर घातलेला स्लॅबच अनेकदा जास्त खराब निघतो, कारण खाऱ्या हवेत आतली सळई गंजून काँक्रीट फुगतं.

दुरुस्तीचा अंदाज मुंबईच्या कंत्राटदाराऐवजी गावातला सुतार आणि गवंडी दोघांना घर दाखवून घ्यावा. विसार देण्याआधी 30 वर्षांचा शोध अहवाल, मोजणीचा नकाशा आणि सीआरझेडची लेखी माहिती हातात असावी. जाहीर नोटीस स्थानिक वर्तमानपत्राबरोबर मुंबईच्या वर्तमानपत्रातही द्यावी, कारण हरकत घेणारा हिस्सेदार बहुधा तिथेच राहत असतो.