‘आयगॉट कर्मयोगी’ काय आहे? सरकारी कर्मचारी ऑनलाइन कसे शिकतात?

‘आयगॉट कर्मयोगी’ हे सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठीचं केंद्र सरकारचं ऑनलाइन व्यासपीठ आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी दिली. सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांत ५१०.८६ कोटी रुपये खर्च अपेक्षित होता.

वर्गातल्या प्रशिक्षणाला एका वेळी मोजकेच कर्मचारी पाठवता येतात आणि तेवढे दिवस त्यांचं टेबलावरचं काम अडतं. ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र मोबाइलवरही, सवडीने पूर्ण करता येतो. कोणी काय शिकायचं, हे त्याच्या कामावरून ठरावं, ही यामागची कल्पना.

पण व्हिडिओ नुसता चालू ठेवला, तर शिकणं होत नाही. किती प्रमाणपत्रं मिळाली, हे मोजणं सोपं आहे. खिडकीवर आलेल्या नागरिकाचं काम पहिल्याच खेपेत झालं का, ही खरी परीक्षा.