रायफलीचे पृष्ठसंस्करण व निगा

रायफलीच्या पोलादी भागांवर, विशेषतः तिच्या रिसीव्हरवर, गंज रोखण्यासाठी व चकाकी घालविण्यासाठी जो रासायनिक थर चढवितात त्याच्या निर्मितीस पृष्ठसंस्करण म्हणतात. नळी, बोल्ट व खटक्याची यंत्रणा ज्यात बसविलेली असते तो बंदुकीचा गाभा म्हणजे रिसीव्हर होय. कारखान्याची मुद्रा व शस्त्राचा अनुक्रमांक बहुधा याच भागावर ठोकलेले असतात. त्यामुळे हा थर खरवडला गेला, तर पोलाद उघडे पडते आणि शस्त्राची ओळखही पुसट होते.

तोड्याच्या बंदुकीस आजच्या अर्थाचा रिसीव्हर नव्हता. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर तेथील कारागीर व यूरोपीय बनावट यांचा संबंध आला आणि या बंदुका दख्खनमध्ये प्रचारात आल्या. मराठा अमदानीतील श्रीमंतांच्या बंदुकांवर सोन्यारूप्याचे कोफ्तगारी काम आढळते. असे काम असलेली नळी घासूनपुसून उजळ करणे म्हणजे कारागिराचे श्रम मातीमोल करणेच होय. काळ्या दारूच्या ज्वलनानंतर नळीत पोटॅशियमाचे क्षार उरतात. ते हवेतील ओल शोषून घेतात व लोखंड खातात. तेलात ते विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेल लावणे हाच त्यावर उपाय असे.

अठराव्या शतकात इंग्रजी पलटणींच्या मस्केट बंदुका विटेच्या भुकटीने लखलखीत घासल्या जात. या अट्टहासाने नळ्या झिजत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नळीवर मुद्दाम नियंत्रित गंज चढवून ती तपकिरी करण्याची पद्धत सैन्यात रुजली. बंदुकीच्या निगेतील स्निग्ध पदार्थांचा प्रश्न हिंदुस्थानात मात्र केवळ तांत्रिक राहिला नाही. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीवरून शिपायांत असंतोष पसरला, तेव्हा जानेवारी १८५७ मध्ये शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, अशी मुभा देण्यात आली. परंतु तोवर विश्वास ढळला होता. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रे बनविणे, विकणे व बाळगणे परवान्याखाली आले. देशी बंदूककारांच्या धंद्याला त्याने उतरती कळा लावली, असे म्हणण्यास हरकत नाही.

मागून भरावयाच्या रायफली आल्यावर रिसीव्हरला महत्त्व प्राप्त झाले. ली-एन्फील्ड (०·३०३ इंच) ही त्यांतील भारतात सर्वाधिक परिचित रायफल होय. ती बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात तयार होत असे. १९६० नंतरच्या दशकात तेथेच ७·६२ मिमी. व्यासाची आवृत्तीही निघाली. महाराष्ट्रातील पोलीस दलात अशा हाताने बोल्ट ओढावयाच्या रायफली दीर्घकाळ वापरात राहिल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला झाला, तेव्हा रेल्वे पोलिसांच्या हाती याच धाटणीची शस्त्रे होती.

जुन्या पद्धतीच्या निळाईत पोलादावर गंज आणून ते पाण्यात उकळतात. त्यामुळे तांबडा गंज लोहाच्या काळ्या ऑक्साइडात म्हणजे मॅग्नेटाइटात रूपांतरित होतो. भुसभुशीत थर तारेच्या बारीक कुंच्याने काढून ही क्रिया अनेक वेळा करावी लागते. कारखान्यात दाहक सोडा व नायट्रेट यांच्या सु. १४०° से. तापमानाच्या द्रावणात भाग बुडवून हेच काम काही मिनिटांत होते. हा थर अतिशय पातळ व सच्छिद्र असतो. त्याची खरी उपयुक्तता तेल धरून ठेवण्यात आहे. कोरडी निळाई पावसाळ्यात फारसे संरक्षण देत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कॉस्लेट या इंग्रज संशोधकाने शोधलेल्या फॉस्फेट लेपाचा थर अधिक जाड असून तेल अधिक धरतो. त्यावर भट्टीत भाजलेला काळा रंगही देतात.

निगा राखताना प्रथम शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी. धूळ मऊ कुंच्याने काढावी, जुने घट्ट तेल योग्य विद्रावकाने सैल करावे आणि तेलाचा पातळ हात फिरवावा. पूर्वी यासाठी रंगून तेल प्रसिद्ध होते. तेल अधिक झाल्यास धूळ चिकटते व लाकडी दस्ता नरम पडतो. बोटांच्या घामातील क्लोराइडे निळाईखालील पोलाद गंजवितात, म्हणून हाताळल्यावर ती पुसणे अगत्याचे असते. व्हिनेगर, लिंबू व गंज काढणारी आम्ले गंजाबरोबर निळाईही विरघळवितात. कोकणातील खारी हवा आणि बुलढाणा जिल्ह्यातील बीबी परिसराचा कोरडा उन्हाळा यांचे परिणाम भिन्न आहेत : पहिलीत पोलाद गंजते, तर दुसऱ्यात दस्ता आकसतो. बीबी ज्या तालुक्यात आहे त्या लोणारच्या सरोवराच्या क्षारांत धुण्याचा सोडा असला, तरी त्यांत मीठही असते. तेव्हा असा अशुद्ध खार पोलादावर वापरणे अनिष्टच.

जुनी रायफल पुन्हा निळी करण्यापूर्वी रिसीव्हर घासला जातो आणि त्यावरील मुद्रा उथळ होतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ओळखचिन्हे पुसणे वा बदलणे यांस मनाई आहे आणि दुरुस्तीच्या धंद्यासही परवाना लागतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व कोल्हापूरचा नवा राजवाडा येथे जुन्या शस्त्रांचे संग्रह आहेत. संग्रहालयीन शस्त्रांच्या बाबतीत मूळ थर फिकट झाला असला तरी तो राखणे श्रेयस्कर मानतात. सक्रिय गंज तेवढा काढून सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर देतात, शस्त्र सुती मोज्यांनी हाताळतात आणि ओल धरणाऱ्या चामडी म्यानात ते ठेवीत नाहीत.