दोन इंच फोम

वळकटी आणली नाहीत ना? मग भोगा. साल १९७७, ठिकाण बोरीबंदर, तिकीट दुसऱ्या वर्गाचं, आणि रात्र काढायची ती उघड्या लाकडी फळीवर. पहिल्या वर्गात गाद्या आहेत. तिकडे पाहू नका.

दिल्लीत नवे रेल्वेमंत्री आलेत. प्रा. मधु दंडवते, राजापूरचे खासदार. सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. आणीबाणीत ते बंगलोरच्या तुरुंगात होते, पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. त्यांनी ठरवलंय, दुसऱ्या वर्गाच्या फळीवर दोन इंच फोम बसवायचा. जरा पुढे चला, २६ डिसेंबर: गीतांजली एक्सप्रेस हावड्याला निघतेय. पहिल्या वर्गाचा डबा शोधत फलाटभर धावू नका; या गाडीला तो नाहीच. १९७४ च्या रेल्वे संपात घरी बसवलेले कामगारही कामावर परत आलेत. समाजवाद भाषणात सगळेच आणतात, या माणसानं तो बाकावर आणला.

आता १९८९, कोकण. चाकरमान्यांच्या एसटीत शिरा. कशेडीचा घाट आला, खिडकीजवळ बसा, पोटाचं काही सांगता येत नाही. रूळ रोह्याशी संपलेत. पुढे लाल मातीचे डोंगर. बॅ. नाथ पैंच्या जागी १९७१ पासून दंडवत्यांनाच निवडून देणारा हा मतदारसंघ प्रत्येक सभेत तेच विचारतो, ‘गाडी कधी?’

उत्तर १९९० मध्ये मिळतं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ निघतं, प्रमुख ई. श्रीधरन, पैसा बराचसा कर्जरोख्यांतून. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा झाली, सराफ खूश झाले. मला विचाराल तर त्या अख्ख्या अर्थसंकल्पापेक्षा तो फोम मोठा.

वीस वर्षं लोकसभेत, त्यात मंत्रिपद साडेतीन वर्षंही नाही. बाकी सारा काळ विरोधी बाकांवर.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरनं त्यांना पाडलं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी.